उसना संगणक आणि त्याची दुरुस्ती

धर्माची गाय मिळाली तर तिचे दात मोजत बसू नये, या अर्थाची म्हण मराठीत रूढ आहे. देणाऱ्याचा मान राखण्यापुरती ती योग्यच आहे. परंतु ज्या गाईच्या दुधावर घर चालवावयाचे, तिचे वय व प्रकृती न पाहणे शहाणपणाचे नव्हे. संगणकाच्या क्षेत्रात आज अशी धर्माची गाय पुष्कळांच्या दारी बांधलेली आहे. मोठ्या कंपन्या आपल्या संगणकगृहांतील यंत्रांचा लहानसा हिस्सा कोणालाही विनामूल्य वापरावयास देतात. विद्यार्थी, शिक्षक, नवे उद्योजक व लहान संस्था त्याचा लाभ घेतात. संगणकाचे शिक्षण व व्यवसाय यांचे दाट जाळे ज्या बेंगळुरू नगरात पसरले आहे, तेथे तर असा उसना संगणक हाताळणारे तरुण सहज आढळतात.

अशा संगणकाच्या बाबतीत एक अनुभव वारंवार येतो. काल रात्रीपर्यंत सुरळीत चालणारे यंत्र सकाळी उत्तर देईनासे होते. कंपनीच्या नियंत्रण-पृष्ठावर त्याच्या नावापुढे ते ‘थांबलेले’ किंवा ‘अक्षम केलेले’ असल्याची नोंद दिसते. मग कोणी घाबरून सर्व काही पुसून टाकतो व नव्याने मांडणी करू लागतो. कोणी आज ना उद्या ते आपोआप सुरू होईल म्हणून वाट पाहत बसतो. पहिल्या मार्गाने माहिती जाते, दुसऱ्या मार्गाने मुदत जाते. वास्तविक असे यंत्र पुष्कळदा दुरुस्त करता येते आणि ती दुरुस्ती शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगी आहे. ती समजून घेतल्यावाचून कोणत्याही शाळेने वा वाचनालयाने आपले काम उसन्या यंत्रावर सोपवू नये, हे या पुस्तिकेचे प्रतिपादन आहे.

एका यंत्रात अनेक यंत्रे

मोठे यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बाटो यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखविली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसविलेला सीडीसी ३६०० हा संगणक केवळ त्या संस्थेचा न राहता देशातील इतर संशोधकांच्याही उपयोगी पडला. आयबीएम कंपनीने त्याच दशकात आणखी एक पाऊल पुढे टाकले व १९७२ साली ते तंत्र सर्व ग्राहकांसाठी बाजारात आणले. या तंत्रात प्रत्येक वापरकर्त्याला केवळ यंत्राचा वेळ मिळत नाही, तर एक संपूर्ण वेगळा संगणक मिळाल्यासारखे भासते. यालाच आभासी संगणक म्हणतात. २००६ साली ॲमेझॉनने असे आभासी संगणक तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि आज ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात तो व्यवसाय तेथून वाढला.

ही रचना वाड्यातील बिऱ्हाडांसारखी आहे असे मानल्यास पुढील विवेचन सोपे होईल. वाडा हे कंपनीचे खरे, अवजड यंत्र होय. त्यातील खोली म्हणजे आभासी संगणक. त्याला प्रक्रियाशक्ती व मेमरी यांचा ठरावीक वाटा मिळतो. खोलीत ठेवलेली पेटी म्हणजे डिस्क. संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली, कार्यक्रम व सर्व माहिती या पेटीतच असते. खोली व पेटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि बहुतेक मोठ्या सेवांमध्ये खोली सोडून दिली तरी पेटी मागे ठेवता येते. दुरुस्तीचे जवळजवळ सर्व उपाय या एकाच गोष्टीवर उभे आहेत.

देणाऱ्याच्या अटी

विनामूल्य सेवेच्या अटी काळजीपूर्वक वाचल्या तर यंत्र बंद पडण्याची निम्मी कारणे तेथेच सापडतात. ओरॅकल कंपनीचे उदाहरण बोधप्रद आहे. तिने सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सदैव मोफत’ अशी योजना जाहीर केली. मे २०२१ मध्ये त्या योजनेत आर्म पद्धतीच्या प्रक्रियकावर चालणारी यंत्रे आली. त्या वेळी जाहीर झालेली मर्यादा एकूण ४ कोर व २४ गिगाबाइट मेमरी एवढी होती. मोफत वस्तूच्या मानाने ती उदारच म्हणावी लागेल. त्याबरोबर नव्या सभासदाला ३० दिवसांच्या चाचणी-काळासाठी ३०० डॉलरांची पत दिली जात असे.

मेख या चाचणी-काळात आहे. पत हाताशी असताना सभासद मोफत मर्यादेपेक्षा मोठे यंत्र उभारू शकतो व ते विनाखर्च चालते. पण ३० दिवस संपले आणि आर्म यंत्रांची एकूण बेरीज मर्यादेबाहेर असली, तर केवळ जादा भाग नव्हे, त्या प्रकारची सर्व यंत्रे अक्षम केली जातात. आणि सशुल्क खाते न घेतल्यास आणखी ३० दिवसांनी ती काढून टाकण्यात येतात. हा नियम त्या कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेला आहे. तो न वाचणाऱ्याला मात्र यंत्र अकस्मात मेल्यासारखे वाटते.

दुसरा नियम याच्या उलट टोकाचा आहे. मोफत खात्यातील यंत्र सात दिवस जवळजवळ रिकामे राहिले, म्हणजे त्या काळातील ९५ टक्के वेळ त्याच्या प्रक्रियकाचा वापर २० टक्क्यांच्या आतच राहिला व इतर साधनांचा वापरही तसाच अल्प असला, तर ते रिकामे समजून परत घेतले जाऊ शकते. ज्याचा उपयोग नाही ते दुसऱ्यास द्यावे, ही दृष्टी गैर म्हणता येत नाही. परंतु लहान वाचनालयाची ग्रंथसूची चालविणारे यंत्र स्वभावतःच बहुतेक वेळ स्वस्थ असते. दिवसातून पन्नास वाचकांनी पुस्तक शोधले, तरी प्रक्रियकाला ते काम क्षणाचे आहे. म्हणजे मोठे यंत्र घेतले तर मर्यादाभंग आणि बेताचे काम केले तर आळसाचा ठपका, अशा दोन काठांमधून मोफत वापरकर्त्याला वाट काढावी लागते.

अटी स्थिर राहतील असेही नाही. हेरोकू या लोकप्रिय सेवेने २८ नोव्हेंबर २०२२ पासून आपली मोफत योजना बंद केली. ॲमेझॉनने १५ जुलै २०२५ पासून नव्या सभासदांसाठी बारा महिन्यांच्या मोफत यंत्राची जुनी पद्धत बदलून ठरावीक रकमेची पत देण्याची पद्धत आणली. देणाऱ्याला आपले दान आवरते घेण्याचा अधिकार आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. घेणाऱ्याने तो गृहीत धरून वागावे, एवढेच.

आधी निदान, मग उपाय

उदाहरणादाखल बेंगळुरूच्या एखाद्या उपनगरातील लहान वाचनालय कल्पनेत आणावे. त्याची ग्रंथसूची व देवघेवीची नोंद ‘कोहा’ या मुक्त कार्यक्रमावर चालते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी तयार झालेला हा कार्यक्रम २००० साली वापरात आला. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. भेटीदाखल मिळालेला कार्यक्रम भेटीदाखल मिळालेल्या यंत्रावर बसविलेला आहे. काही वर्षे खपून दोघा कार्यकर्त्यांनी हजारो पुस्तकांच्या नोंदी केल्या आहेत. एका सोमवारी सूची उघडत नाही.

येथे पहिला प्रश्न असा विचारावयाचा की, यंत्र मालकाने बंद केले आहे की ते स्वतः आजारी पडले आहे? वाड्याच्या मालकाने खोलीला कुलूप घातले असेल, तर आतील बिऱ्हाडात दोष शोधून उपयोग नाही. याचे उत्तर दोन ठिकाणी मिळते: कंपनीच्या नियंत्रण-पृष्ठावर आणि नोंदविलेल्या ई-मेल पत्त्यावर. तो पत्ता सोडून गेलेल्या एखाद्या कार्यकर्त्याचा असेल, तर सूचना आली तरी ती कोणी वाचलेली नसते. तांत्रिक दोषापूर्वीचा हा व्यवस्थेचा दोष होय.

मालकाने यंत्र मर्यादाभंगामुळे अक्षम केले असेल, तर उपाय पुढीलप्रमाणे आहे. प्रथम खात्यातील सर्व यंत्रांचे कोर, मेमरी व डिस्क यांची बेरीज कागदावर मांडावी. मग मोठी खोली सोडावी, पण पेटी राखावी. म्हणजे आभासी संगणक काढून टाकताना त्याची मूळ डिस्क जपून ठेवावी. यंत्र काढताना डिस्कही कायमची पुसावयाची काय, असा प्रश्न पडद्यावर विचारलेला असतो. सबंध दुरुस्तीत न उलटवता येणारी पायरी हीच आहे, म्हणून तेथे दुसऱ्या व्यक्तीने वाचून पडताळा घ्यावा. त्यानंतर मर्यादेत बसणारे लहान यंत्र त्याच डिस्कवरून उभारावे. सर्व ठीक असेल तर सूची जशीच्या तशी उघडते. यंत्राचा जाळ्यावरील क्रमांक बदललेला असण्याचा संभव असल्यामुळे वाचनालयाच्या नावाची नोंद त्या नव्या क्रमांकाकडे वळवावी लागते.

यात दोन अडचणी संभवतात. आर्म प्रक्रियकासाठी तयार झालेली डिस्क इंटेल वा एएमडी पद्धतीच्या यंत्रावर सुरू होत नाही, कारण दोन्हींची आज्ञावली भिन्न असते. कन्नड जाणणाऱ्याला दिलेली सूचना मराठीत लिहिलेली असावी, तसा हा प्रकार होतो. तथापि अशा यंत्राला ती दुसरी डिस्क म्हणून जोडली तर तिच्यातील माहिती वाचून उतरवून घेता येते. दुसरी अडचण जागेची. या योजनेतील मोफत यंत्र सभासदाने आरंभी निवडलेल्या विभागातच मिळते व तो विभाग पुढे बदलता येत नाही. मुंबई वा हैदराबाद येथील विभागात मोफत यंत्रे त्या क्षणी शिल्लक नसतील, तर थांबावे लागते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हे काम हाती घेऊ नये, याचे कारण हेच.

आता यंत्र ‘चालू’ दिसते, पण उत्तर देत नाही, असे असेल तर दोष आत आहे. त्याची नेहमीची कारणे थोडीच आहेत. नोंदवह्या फुगून डिस्क भरलेली असते. एका गिगाबाइट मेमरीच्या यंत्रावर कोहासारखा मोठा कार्यक्रम चालविल्यास मेमरी अपुरी पडते, व लिनक्स प्रणाली स्वतःला वाचविण्यासाठी सर्वांत जड काम, म्हणजे बहुधा माहितीकोशच, बंद करते. कधी संरक्षक भिंतीचे दार मिटलेले असते. येथे दारे दोन असतात, एक वाड्याचे व एक खोलीचे, आणि एक उघडून दुसरे विसरणे ही नवशिक्याची सामान्य चूक आहे. कधी डिस्क जोडण्याच्या यादीत एक अक्षर चुकल्यामुळे यंत्र आरंभीच अडते. कधी प्रवेशाची किल्ली असलेला घरचा संगणकच निकामी झालेला असतो.

आत शिरण्याचे दोन मार्ग आहेत. बऱ्याच सेवांमध्ये जाळ्याच्या वाटेने न जाता यंत्राच्या थेट पडद्याशी जोडणारी सोय असते. तिच्यावरून यंत्र कोठे अडले ते दिसते. तेही शक्य नसेल तर पेटी उचलावी: बिघडलेल्या यंत्राची डिस्क काढून दुसऱ्या निरोगी यंत्राला जोडावी, तेथे चूक सुधारावी व ती परत मूळ जागी लावावी. शल्यक्रियेपूर्वी डिस्कची एक प्रतिलिपी काढून ठेवणे मात्र चुकवू नये.

१९ जुलै २०२४ चा धडा

हा उपाय केवळ विद्यार्थ्यांच्या खेळण्यातील आहे असे कोणास वाटू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या संरक्षक कार्यक्रमाची एक सदोष फाइल जगभर पाठविली गेली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती निघाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. या ७८ मिनिटांत तिने विंडोज प्रणालीवरील जी यंत्रे गाठली, ती बंद पडून पुन्हा पुन्हा आरंभीच अडू लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशा यंत्रांची संख्या सुमारे ८५ लाख होती. बेंगळुरूच्या केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळासह देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली.

दोष ७८ मिनिटांत मागे घेतला तरी बंद पडलेली यंत्रे आपोआप उठली नाहीत. जे यंत्र सुरूच होत नाही, त्याला जाळ्यावरून सुधारित फाइल पाठविणार कशी? क्लाउडवरील आभासी संगणकांसाठी तेव्हा सुचविलेला एक उपाय असा होता: डिस्क काढा, दुसऱ्या यंत्राला जोडा, ती फाइल पुसा, डिस्क परत लावा. लक्षावधी रुपये मोजणाऱ्या उद्योगांना त्या दिवशी जो उपाय करावा लागला, तोच फुकटच्या यंत्रावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला करावा लागतो. ज्यांच्याकडे अलीकडची प्रतिलिपी होती व दुरुस्ती जाणणारा माणूस होता, त्यांना सावरणे सोपे गेले. पैसे भरल्याने यंत्र अधिक मिळते. ते बिघडणार नाही असे अभिवचन कोणत्याही किमतीला मिळत नाही.

कोणती वाट धरावी

या प्रश्नावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे सार्वजनिक संस्थेने मोफत यंत्राला शिवूच नये. हे मत ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांना शोभते. शिकण्यासाठी लागणारी चूक करण्याची मुभा मोफत यंत्राइतकी दुसरीकडे स्वस्त मिळत नाही. ती विद्यार्थ्यांपासून हिरावून घेणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या मताप्रमाणे फुकट मिळते तोवर घ्यावे, पुढचे पुढे पाहावे. हे मत अधिक घातक आहे. त्यात यंत्र कंपनीचे जात असले, तरी नोंदी वाचनालयाच्या जातात. कार्यकर्त्यांनी घातलेली वर्षे कोणत्याही योजनेत परत मिळत नाहीत.

याच दुसऱ्या वृत्तीतून एक युक्तीही निघाली आहे. यंत्र रिकामे ठरू नये म्हणून काहीजण त्यावर निरर्थक गणिते अखंड चालवितात. ही युक्ती निषेधार्ह मानावी लागेल. तिने वीज व्यर्थ जाते, खऱ्या गरजूची जागा अडते, आणि नियमाला वाकुल्या दाखविण्याचा धडा तरुणांना मिळतो. सशुल्क खाते घेऊन वापर मोफत मर्यादेतच ठेवण्याची सरळ वाट त्या कंपनीने स्वतःच सुचविलेली आहे. खर्चाच्या मर्यादेची सूचना लावून ती अवलंबावी.

मोफत यंत्र ही शाळा आहे; ते कोठार नव्हे. या दृष्टीने पाहिल्यास प्रत्येक संस्थेने पाळावयाचे नियम मोजकेच उरतात. माहितीची एक प्रत दर आठवड्यास आपल्या इमारतीतील डिस्कवर उतरावी. देणाऱ्याच्याच घरी ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. खात्याच्या किल्ल्या निदान दोन व्यक्तींपाशी असाव्यात आणि पत्ता संस्थेचा असावा. यंत्र कसे उभारले ते एका वहीत क्रमवार लिहिलेले असावे. वर्षातून एकदा यंत्र जाणूनबुजून बंद करून, त्या वहीच्या व प्रतीच्या आधारे दुसरीकडे उभे करून पाहावे. आगीच्या कवायतीप्रमाणे ही कवायत शाळेच्या वेळापत्रकात बसू शकते. आणि वाचक ज्या दिवशी सूचीवर विसंबू लागतील, त्या दिवसापासून तिच्यासाठी अल्प का होईना नियमित खर्चाची तरतूद करावी. कर्नाटकातील १९६५ च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी उपकराची तजवीज केली, महाराष्ट्रातील १९६७ च्या कायद्याने अनुदानाची. पुस्तकाच्या कपाटाइतकीच सूचीच्या यंत्राची गरज या तरतुदींत मोजली गेली पाहिजे.

बेंगळुरूला या विचाराची परंपरा आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९६२ साली याच नगरात प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. येथील भारतीय विज्ञान संस्थेने २००२ साली आपल्या संशोधनलेखांचे खुले भांडार मुक्त कार्यक्रमाच्या आधारे उभारले. यंत्र कोणतेही असो, ते राखणारी शिकलेली माणसे आधी हवीत, हे या दोन्ही कार्यांवरून दिसते. जेथे दुरुस्तीची वही लिहिलेली आहे, घरची प्रत ताजी आहे आणि एखादी विद्यार्थिनी पेटी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बिनचूक हलवू शकते, त्या वाचनालयाने धर्माची गाय खुशाल बांधावी. तिचे दात मोजून झालेले आहेत.